अँबॅसिडरचे हेडलाइट आणि वायरिंग : नऊ दिवस आणि सहा हजार चारशे रुपये

आधी गाडी कोणती ते सांगतो, म्हणजे ज्यांना उपयोग नाही ते इथूनच कटतील. १९७७ ची अँबॅसिडर मार्क ३, पेट्रोल, १४८९ सीसी. बाबांनी १९८९ ला सेकंडहँड घेतली, तेव्हापासून घरात आहे. रोजची गाडी वेगळी, ही महिन्यातनं दोन-तीनदा बाहेर निघते आणि वर्षातनं दोनदा गावाला जाते, माणगावच्या पुढे, ताम्हिणी उतरून. आणि दरवेळी एकच भांडण, अंधार पडायच्या आत घाट उतरायचा म्हणून दुपारचं जेवण अर्धवट टाकून पळायचं. कारण हेडलाइट. लावल्यावर खाली उतरून बघावं लागायचं की लागलेत का.

बाबांचं म्हणणं, "आम्ही याच लाइटवर कोकणात जायचो, तुम्हालाच सगळं लखलखीत लागतं." बाबा बरोबर आहेत, पण तेव्हा समोरून येणाराही असाच पिवळा मिणमिणता दिवा घेऊन यायचा. आता समोरचा येतो तो स्टेडियमची लाइट घेऊन, आणि तो गेल्यावर पुढची पाच सेकंदं आपल्याला आपलं बोनेटसुद्धा दिसत नाही.

तर पहिला मूर्खपणा माझा. ऑनलाइन १००/९० वॅटचे हॅलोजन बल्ब मागवले, ६०० ला जोडी, जुन्या पी४५टी होल्डरमध्ये डायरेक्ट बसणारे. आधी गाडीत साधे ४५/४० वॅटचे होते (पहिला आकडा अप्परचा, म्हणजे लांबच्या उजेडाचा, दुसरा डिपचा, म्हणजे जवळच्या खालच्या उजेडाचा). म्हटलं डबल वॅट म्हणजे डबल उजेड. बसवले, फरक पडला असं मनाला पटवलं आणि सिंहगड रोडला एक चक्कर मारली. वीस मिनिटांत डॅशबोर्डमधून वास. जळक्या प्लॅस्टिकचा तो ओळखीचा वास, जुन्या गाडीवाल्यांना सांगायला नको. लाइटच्या स्विचला हात लावला तर चहाच्या ग्लासासारखा गरम. बंद केले, पार्किंगच्या दिव्यांवर हळूहळू घरी आलो, बल्ब काढून ठेवले.

दुसरा मूर्खपणा, तयार रिले किट (रिले म्हणजे बारक्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). खोक्यावर कंपनीचं नावच नाही, नुसतं 'हेवी ड्यूटी' छापलेलं, ९५० रुपये. दोन रिले, एक फ्यूज, तीन सॉकेट. वायर हातात घेतली तर बोटाएवढी जाड, आणि टोक सोलून बघितलं तर आत तांब्याचे मोजून बारा-पंधरा केस, बाकी सगळं वरचं रबर. शिवाय लांबीला कमी. या गाडीचं तोंड रुंद आहे, एका दिव्यापासून दुसऱ्यापर्यंत रेडिएटरच्या पुढून वळसा घालून जायचं तर ती वायर मधेच संपते. परत करायची मुदत तोवर गेलेली. त्यातले रिले ठेवलेत स्कूटीच्या हॉर्नला, वायर बाबांनी पडद्याला बांधलीय.

मग गेलो नाना पेठेत. पुण्यातल्या लोकांना सांगायला नको, स्पेअर पार्टसाठी शेवटी तिथेच जातो आपण. तिथे एका दुकानदाराने मागच्या गल्लीतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पाठवलं. नाव लिहीत नाही, दुकानाला बोर्ड पण नाही, आणि पुढे थोडी तक्रार पण करणार आहे. वय साठीच्या पुढे, सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात.

आणि इथनं खरा रिव्ह्यू सुरू.

मी म्हटलं, मिस्त्री, एच४ चे (डिप-अप्पर एकातच असलेले हॅलोजन) चांगले बल्ब आणि नवे डूम (दिव्याची काच आणि रिफ्लेक्टर) टाकून द्या. ते म्हणाले, "साहेब, बल्ब शेवटी. आधी बघू तरी करंट पोचतोय का." आणि त्यांनी टेस्ट लॅम्प नाही, चक्क मल्टीमीटर काढला. मला तिथेच माणूस आवडला, कारण आजवर जेवढे वायरमन बघितले ते सगळे तारेवर तार घासून ठिणगी बघणारे.

त्यांनी जे केलं ते कुणालाही घरी करता येतं म्हणून नीट लिहितो. जुने ४५/४० चे बल्ब परत लावले. इंजिन चालू, थोडा रेस देऊन ठेवलेला, हेडलाइट चालू. बॅटरीवर १३.२ व्होल्ट. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी बल्बच्या मागच्या प्लस टर्मिनलला. म्हणजे रस्त्यात किती व्होल्ट सांडले ते थेट दिसतं. आले १.४. मग एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी बल्बच्या अर्थला. तिथे ०.६. म्हणजे दोन व्होल्ट वाटेतच गायब, बल्बला मिळतात ११.२. लाइट चालू ठेवूनच मोजायचं हे लक्षात ठेवा, बंद असताना मोजलंत तर सगळं छान दिसतं कारण करंटच वाहत नसतो.

आता दोन व्होल्ट म्हणजे काय फार, असं मलाही वाटलेलं. पण हॅलोजन काय किंवा साधा काय, फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, कितीतरी जास्त वेगाने पडतो, साधारण ३.४ वा घात धरतात. दहा टक्के व्होल्ट कमी झाले की उजेड तीस टक्के गेला. बल्बची रेटिंग १३.२ व्होल्टवर मोजलेली असते, माझ्याकडे पोचत होते ११.२, हिशोब केला तर उजेड राहतो जेमतेम ५७ टक्के. आणि त्यातही मागचा रिफ्लेक्टर काळवंडलेला.

हे दोन व्होल्ट जातात कुठे तर या गाडीत करंटचा प्रवास बघा. बॅटरीतून सेल्फच्या सोलेनॉइडला, तिथून कटआउटला (मिस्त्री लोक रेग्युलेटरच्या डब्याला कटआउटच म्हणतात), तिथून आत डॅशबोर्डच्या स्विचला, तिथून खाली पायाजवळच्या डिप्परला (डिप-अप्पर बदलायचं बटण), मग परत बाहेर इंजिनमध्ये, रेडिएटरजवळच्या बुलेट कनेक्टरला, आणि मग बल्बला. बॅटरी तीन फुटांवर आणि करंट फिरून येतो अख्खी गाडी. प्रत्येक जोडावर थोडं थोडं सांडतं. त्यात माझ्या गाडीत फ्यूज एकूण दोन, आणि हेडलाइट त्या दोन्हींपैकी एकावरही नाही. म्हणजे वायर घासून शॉर्ट झाली तर फ्यूज उडणार नाही, वायरच जळणार. इतकी वर्षं आम्ही हे घेऊन घाटातनं फिरलो.

डिप्परबद्दल दोन शब्द. ज्यांनी फक्त नव्या गाड्या चालवल्यात त्यांच्यासाठी, अँबॅसिडरचा डिप्पर पायाने मारायचा असतो, डाव्या पायाजवळ फ्लोअरवर बटण. मजा येते, हात मोकळे राहतात. पण पावसाळ्यात चपलेचं पाणी, चिखल, सगळं त्याच्यावरच, आणि पत्रा गळका असेल तर खालूनही. माझा खोलला तर आत कॉन्टॅक्टवर हिरवं आणि काळं दोन्ही. मिस्त्री म्हणाले हाच एक अर्धा व्होल्ट खातोय.

उपाय जगभर एकच आहे, रिले. जुना स्विच आणि जुना डिप्पर तसाच ठेवायचा, पण त्यांनी आता बल्ब नाही पेटवायचा, फक्त रिलेला इशारा द्यायचा. रिलेची कॉइल पाव अँपिअरपेक्षाही कमी खाते, त्यामुळे स्विच गरम व्हायचा प्रश्नच मिटला. खरा करंट बॅटरीवरून फ्यूजमधून थेट रिलेला आणि तिथून हातभर अंतरावरच्या बल्बला. डिपला एक रिले, अप्परला एक. रिलेच्या पिनांवर नंबर असतात, ३० ला बॅटरी, ८७ ला बल्ब, ८६ ला डिप्परकडून येणारी जुनी वायर, ८५ ला अर्थ.

मी हट्टाने काही गोष्टी करून घेतल्या. मेन वायर ४ स्क्वेअर एमएम, रिलेपासून पुढे २.५. डिपला वेगळा फ्यूज आणि अप्परला वेगळा, १५-१५ अँपिअरचे, म्हणजे घाटात एक उडाला तर पायाने बटण दाबायचं, दुसरा आहे. एकाच फ्यूजवर सगळं टाकणारे लोक आहेत, तयार किटमध्ये तर तेच होतं, मला ते पटत नाही. रिले आतल्या मडगार्डला बसवले, पिना खाली तोंड करून, पाणी साठू नये म्हणून. आणि अर्थिंग. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात स्वस्त काम. दिव्यांच्या मागच्या दोन्ही पत्र्याच्या वाट्यांमधून वेगळी काळी वायर आणून एका बोल्टला, तिथला रंग पत्र्यापर्यंत खरवडून, आणि तिथून सरळ बॅटरीच्या मायनसला, वरून ग्रीस. नुसतं हेच केलं असतं तरी ०.६ मधले ०.५ परत मिळाले असते, आणि खर्च आला असता शंभर-सव्वाशे.

एक सावधगिरी. ही गाडी मुळात मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३ वरून आलेली, आणि त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांमध्ये पॉझिटिव्ह अर्थ असायचा. जुनी गाडी असेल तर बॅटरीची कुठली तार बॉडीला गेलीय ते आधी डोळ्यांनी बघा. माझी निगेटिव्ह आहे. साध्या रिलेला फरक पडत नाही पण एलईडी किंवा चार्जर काही लावणार असाल तर फुकटचा धूर निघेल.

आता डूम. गाडीला सात इंची गोल डूम लागतात, हा साइज इतका कॉमन आहे की पर्याय ढीगभर. पण इथे एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत आणि गिऱ्हाईक विचारत नाही. डिपचा उजेड एका बाजूला थोडा वर चढतो, कडेचा माणूस, मैलाचा दगड दिसावा म्हणून. आपण डावीकडून चालवतो म्हणजे तो डावीकडे चढायला पाहिजे. बाहेरच्या देशांसाठी बनवलेली काच घेतलीत तर तो उजवीकडे चढतो, म्हणजे बरोब्बर समोरच्याच्या डोळ्यात. युरोपियन मार्किंगची काच असेल तर ओळखायची सोपी खूण, काचेसमोर उभं राहून बघायचं, आडवा बाण तुमच्या उजव्या हाताकडे असेल तर ती आपल्या रस्त्यांची. बाणच नसेल तर उजवीकडून चालणाऱ्या देशांची. मी काउंटरवर तीन जोड्या उघडायला लावल्या, दोन बिनबाणाच्या निघाल्या. दुकानदार म्हणाला, "साहेब एवढं कोण बघतं." मी बघतो. तिसरी घेतली, १८०० ला जोडी, खरी काच, प्लॅस्टिक नाही.

बल्ब साधे ६०/५५ चे एच४, ७०० ला दोन. मिस्त्रींनी विचारलं १००/९० टाकू का, वायरिंग आता झेपवेल. वायरिंग झेपवेल हो, डायनॅमोचं काय? माझ्या गाडीत अजून अल्टरनेटर नाही, जुना डायनॅमोच आहे, त्याचं पोट २२ अँपिअर, ते पण इंजिन पळत असताना. दोन साठचे बल्ब म्हणजे दहा अँपिअर, वर इग्निशन, वायपर, मागचे दिवे, कसंबसं बसतं. दोन शंभरचे म्हणजे सोळा-सतरा नुसत्या अप्परलाच. आणि स्लो रनिंगला डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही, चांदणी चौकात अडकलात की सगळा भार बॅटरीवर. म्हणून ६०/५५. पूर्ण १३ व्होल्ट मिळणारा साठचा बल्ब अकरावर रडणाऱ्या शंभरच्या बल्बला भारी पडतो, हे मी आता दोन्ही बघून सांगतोय.

एलईडी का नाही, हे चार जणांनी विचारलंय म्हणून इथेच सांगतो. करंट कमी खातो, डायनॅमोवाल्यांना मोह होतो, मान्य. पण हा रिफ्लेक्टर बारक्या फिलामेंटच्या जागेवर बेतलेला असतो, त्यात एलईडीच्या चिपा बसवल्या की उजेड वाट्टेल तिकडे उडतो. भिंतीवर पांढरा फक्क दिसतो, आणि रस्त्यावर समोरचा शिव्या देतो. शिवाय धुक्यात तो वर उडालेला उजेड परत आपल्याच अंगावर येतो. शेजारच्या काकांच्या पद्मिनी गाडीत आहेत, एकदा त्यांच्या समोरून या मग कळेल.

आता तक्रारी.

मिस्त्रींनी सांगितलं दोन दिवस. लागले नऊ. पहिले तीन दिवस गाडीला हातच नाही, चौथ्या दिवशी फोन केला तर "डूम खोललेत साहेब, वाटी सडलीय". ते खरं होतं, चाकाचा चिखल थेट त्या वाटीच्या पाठीवर बसतो, एका बाजूला बोट आरपार गेलं. जुनी वाटी मिळवायला दोन दिवस, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत हे कबूल. पण मधे दोन टेम्पोवाले आले की माझी गाडी मागे, हे रोजचं. एक फोन स्वतःहून केला असता तर माझं डोकं फिरलं नसतं.

दुसरी तक्रार रंगांची. या गाडीच्या मूळ वायरिंगला ब्रिटिश कलर कोड आहे, निळी-पांढरी म्हणजे अप्पर, निळी-लाल म्हणजे डिप, काळी म्हणजे अर्थ. पन्नास वर्षांनी सुद्धा कुणी बोनेट उघडलं तर कळतं काय कुठे जातंय. मिस्त्रींनी सगळं लाल केलं. मेन लाल, डिप लाल, अप्पर लाल. मी म्हटलं असं कसं, तर म्हणाले "साहेब, लक्षात राहतं मला." तुमच्या लक्षात राहील हो, गाडी पोलादपूरला बंद पडली तर तुम्हाला उचलून नेऊ का? शेवटी मी स्वतः निळी वायर, पांढरी आणि लाल टेप घेऊन गेलो आणि शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक टोकाला पट्टी मारली.

तिसरी, डाव्या दिव्यामागे एक जोड नुसता पिळून टेप गुंडाळलेला सापडला. बाकी सगळीकडे लग दाबून, वर स्लीव्ह चढवून सुंदर काम, आणि तेवढा एकच आळशीपणा. दाखवल्यावर हसले आणि निमूटपणे करून दिलं. पण दाखवावं लागलं. तुम्ही जाल तर गाडी ताब्यात घ्यायच्या आधी प्रत्येक जोड हाताने ओढून बघा.

शेवटी मीटर परत लावला. पुरवठ्याच्या बाजूला आता ०.२५, अर्थच्या बाजूला ०.०५. बल्बला १२.९ व्होल्ट, आणि ते सुद्धा आधीपेक्षा मोठे बल्ब लावून. मिस्त्रींनी मीटर माझ्याकडे वळवला, बोलले काही नाही, चहा सांगितला.

फोकस मात्र मी घरी सेट केला कारण गल्लीत सपाट भिंत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रात्री अकरा वाजता, भिंतीपासून साडेसात मीटर. टायरची हवा बरोबर, बाबा ड्रायव्हर सीटवर बसलेले (वजन पाहिजे, आणि त्यांना तसंही यायचंच होतं). डिपची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साडेसात सेंटिमीटर खाली, म्हणजे एक टक्का उतार. वरचा स्क्रू उंचीला, बाजूचे डावं-उजवं करायला. एक दिवा झाकून दुसरा करायचा. वॉचमन येऊन उभा राहिला, त्याला वाटलं पिक्चर लावतोय.

मग मागच्या शनिवारी मुद्दाम उशिरा निघालो. मुळशी ओलांडेपर्यंत अंधार पडलेला, ताम्हिणीत शिरल्यावर रिमझिम आणि धुकं. खरं सांगतो, चमत्कार वगैरे नाही. आजकालच्या गाडीइतका उजेड नाहीच. पण रस्त्याची डावी कड दिसते, पांढरा पट्टा दिसतो, वळणावरचा कठडा आधी दिसतो आणि मग ब्रेक मारायची वेळ येते, पूर्वी हे उलट होतं. डिपची कड स्वच्छ, समोरच्या एसटीवाल्याने एकदाही अप्पर मारून दाखवला नाही. पायाने डिप्पर मारला की बोनेटखालून रिलेचा बारीक टक् असा आवाज येतो, मला तो आवडायला लागलाय. स्विच तासाभराने हात लावून बघितला, गार. निव्यापाशी चहाला थांबलो तेव्हा स्लो रनिंगला चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकत होता, थोडा रेस दिला, गेला. डायनॅमो आहे तोवर हे चालायचंच.

खर्च एकदाच सांगतो : डूम १८००, बल्ब ७००, रिले-होल्डर-फ्यूज ६५०, वायर-लग-स्लीव्ह ७५०, मजुरी २५००, एकूण ६४००. माझ्या मूर्खपणाचे १५५० यात धरलेले नाहीत. बजेट कमी असेल तर डूम नंतर घ्या, आधी अर्थिंग आणि रिले करा, तिथेच निम्म्याहून जास्त फरक आहे.

मिस्त्रींच्या कामाला पाचपैकी चार. वेळेला पाचपैकी एक, तो पण चहासाठी. पुन्हा जाईन का, तर हो, वायपरची मोटर द्यायचीच आहे त्यांच्याकडे, कारण सध्या घाटात पाऊस वाढला की बाबा खिडकीतून हात काढून काच पुसतात. त्यांनी सांगितलंय दोन दिवस. मी सुट्टी नऊ दिवसांची टाकलीय.